जुनी डिझेल व्हॅन घेताना : नेहमीची दुखणी आणि दुरुस्तीचा हिशेब

मरोळ नाक्यावर पहाटे उभे राहिले की या उपनगराचा दिवस व्हॅनच्या चाकांवर कसा सुरू होतो ते दिसते. सीप्झ आणि एमआयडीसीतील कर्मचारी, विमानतळावर पाळीसाठी निघालेले कामगार, हॉटेलांचे पाहुणे, शाळेची मुले आणि कुरिअरची पार्सले, या सर्वांची ने-आण करणाऱ्या गाड्यांत जुन्या डिझेल व्हॅन मोठ्या संख्येने आहेत. २०१४मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली, २०२४मध्ये भुयारी मेट्रोचे स्थानकही मरोळ नाक्याला मिळाले. तरीही स्थानकापासून कंपनीच्या फाटकापर्यंतचा आणि रात्रपाळीचा प्रवास बराचसा व्हॅनवरच चालतो.

अशी व्हॅन विकत घेणारा बहुधा एकट्याच्या बळावर धंदा करणारा असतो. साठवलेली पुंजी, पतपेढीचे कर्ज आणि घरातील थोडे सोने मोडून आलेले पैसे यांतून तो सेकंडहँड गाडी घेतो. त्या गाडीवर हप्ता आणि घरखर्च दोन्ही अवलंबून असतात. गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडली तर दुरुस्तीचे बिल येतेच, शिवाय कंपनीचे कंत्राटही हातचे जाऊ शकते. म्हणूनच व्हॅनची खरी किंमत व्यवहाराच्या दिवशी ठरत नाही. विक्रेत्याला दिलेली रक्कम अधिक पहिल्या वर्षाची दुरुस्ती, अशी बेरीज केल्यावरच ती कळते. ही बेरीज आधीच कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

लेखातील खर्चाचे आकडे उपनगरातील खासगी गॅरेजमध्ये येणाऱ्या खर्चाचे अदमासे आहेत. गाडीचे मॉडेल, सुट्या भागाची कंपनी आणि कामाचा दर्जा यांनुसार त्यांत फरक पडतो. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात हाच खर्च बराच जास्त होऊ शकतो.

कोणती व्हॅन, कोणते इंजिन

महाराष्ट्रात बराच काळ कोणत्याही व्हॅनला ‘मेटाडोर’ म्हणत. हे नाव पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या बजाज टेम्पोच्या गाडीवरून रूढ झाले. ही कंपनी २००५मध्ये ‘फोर्स मोटर्स’ झाली. तिची ट्रॅव्हलर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि आजही रस्त्यावर आहे. टाटांची विंगर २००७मध्ये आली. टोयोटा क्वालिस २००० ते २००५ या काळात विकली गेली आणि तिच्या जागी इनोव्हा आली. क्वालिस, इनोव्हा आणि टाटा सुमो या काटेकोर अर्थाने व्हॅन नव्हेत, परंतु कर्मचारी वाहतुकीत त्यांचा वापर व्हॅनसारखाच झाला. मारुतीच्या ओम्नी आणि ईको या गाड्या पेट्रोल, सीएनजी वा एलपीजीवर चालणाऱ्या असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

गाडीच्या वयावरून आत कोणत्या प्रकारचे इंजिन असेल याचा अंदाज बांधता येतो. मुंबईसह प्रमुख शहरांत भारत स्टेज तीन हे निकष एप्रिल २००५मध्ये, तर भारत स्टेज चार एप्रिल २०१०मध्ये लागू झाले. भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२०पासून देशभर लागू आहे. निकष कडक होत गेले तशी डिझेल इंजिनातील यंत्रणा गुंतागुंतीची आणि दुरुस्ती महाग होत गेली. यांत्रिक पंपाचे जुने इंजिन धूर अधिक काढते, पण ते नाक्यावरचा मेकॅनिकही उघडू शकतो. कॉमन रेल इंजिन शांत आणि काटकसरी असते. त्याचे दुखणे मात्र स्कॅनरशिवाय नीट कळत नाही. भारत स्टेज सहाच्या गाडीत याखेरीज धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. त्यामुळे एका इंजिनाचा खर्च दुसऱ्याला लावून चालत नाही.

परीक्षा थंड इंजिनाचीच

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट गरम लागले तर विक्रेत्याने गाडी आधीच सुरू केली आहे, असे समजावे. डिझेल इंजिनाची बहुतेक दुखणी ते थंड असताना उघडी पडतात आणि गरम झाल्यावर झाकली जातात.

पहिल्या एक-दोन सेल्फमध्ये इंजिन सुरू झाले तर ठीक. बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल तर हीटर प्लग, बॅटरी, स्टार्टर, डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी कारण असते. हीटर प्लग बदलणे हजार-दोन हजारांचे काम आहे. कॉम्प्रेशन गेले असेल तर लाखाचे. लक्षण एकच आणि खर्चात एवढी तफावत, म्हणूनच मेकॅनिक सोबत हवा.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सावकाश सैल करून पाहावे. किंचित वाफ येणे स्वाभाविक आहे. धूर भसाभसा बाहेर येत असेल किंवा झाकण थडथड उडत असेल, तर जळालेला वायू पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरत आहे. असे इंजिन लवकरच खोलावे लागते. डिपस्टिकवरील ऑइल काळे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनातील नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे पडते. ऑइल दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचे दिसले तर मात्र त्यात पाणी मिसळले आहे आणि ती गंभीर बाब आहे.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेले डिझेल. तुंबलेला एअर फिल्टर, खराब झालेले नोझल किंवा टर्बोचा फाटलेला होस पाइप ही त्याची नेहमीची कारणे आहेत. यातील बरीच कामे आवाक्यातील असतात. एअर फिल्टर हजार रुपयांच्या आत येतो, तर फाटलेला होस दोन-तीन हजारांत बदलून होतो.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. कारण व्हॉल्व्हची सील असेल तर खर्च मर्यादित राहतो. टर्बोची सील गेली असेल तर तो वाढतो आणि पिस्टन रिंग झिजल्या असतील तर इंजिन काम अटळ असते. दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान किती ऑइल टाकावे लागते, हा प्रश्न मालकाऐवजी चालकाला विचारावा. उत्तर अधिक खरे मिळते.

पांढरा धूर थंड इंजिनातून थोडा वेळ आला तर चिंता नको. इंजिन गरम झाल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट उडाल्याची किंवा हेडला तडा गेल्याची शक्यता असते. हेड गॅस्केट बदलून हेड लेथवर घासून घेण्याचा खर्च साधारण १२ ते २५ हजार रुपये येतो. हेडच बदलावे लागले तर हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो.

पंप, नोझल आणि इंजेक्टर

जुन्या यांत्रिक इंजिनात पंप आणि नोझल यांचे कॅलिब्रेशन काही वर्षांनी करावेच लागते. चार नोझल तपासून दुरुस्त करणे आणि पंपाचे काम मिळून १० ते २५ हजार रुपयांत होते. त्यानंतर धूर आणि डिझेलचा खप दोन्ही कमी होतात.

कॉमन रेल गाडीत इंजेक्टर अत्यंत उच्च दाबावर काम करतात. पाणी किंवा कचरा मिसळलेले डिझेल त्यांचा शत्रू होय. डिझेल फिल्टर वेळेवर न बदलणे ही सर्वांत स्वस्त वाटणारी आणि सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. इंजिन थंड असताना होणारी टकटक, आयडलवर येणारी थरथर आणि चढावर कमी पडणारी ताकद ही इंजेक्टर बिघडल्याची चिन्हे होत. एक इंजेक्टर रिकंडिशन करण्यास साधारण ४ ते ७ हजार, तर नवा घेण्यास १२ ते २० हजार किंवा अधिक रुपये लागतात. उच्च दाबाचा पंप गेला तर खर्च ३० ते ६० हजारांवर जातो. स्कॅनर लावून इंजेक्टरची तपासणी ५०० ते १,००० रुपयांत होते. एवढा खर्च व्यवहारापूर्वी अवश्य करावा.

बिघडलेल्या इंजेक्टरचा तोटा केवळ दुरुस्तीपुरता नसतो. कर्मचारी वाहतुकीची व्हॅन दिवसाला ८० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धावते असे धरू. तिचे ॲव्हरेज ११वरून ९वर आले तर महिन्याला सुमारे ४२ लिटर डिझेल जास्त लागते. लिटरमागे ९० रुपये धरले तर वर्षाला ही रक्कम ४५ हजारांपर्यंत जाते. दुरुस्ती पुढे ढकलणारा मालक हा खर्च पंपावर हप्त्याहप्त्याने करीतच असतो.

टर्बो, ईजीआर आणि डीपीएफ

टर्बो असलेल्या गाडीला वेग घेताना शिट्टीसारखा तीव्र आवाज येत असेल, पिकअप अचानक मंदावत असेल किंवा टर्बोच्या पाइपमध्ये ऑइल साचलेले दिसत असेल, तर टर्बो थकला आहे. रिकंडिशन केलेल्या टर्बोला १२ ते २० हजार, नव्याला २५ ते ४५ हजार रुपये लागतात. गाडी लांबून दमून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवण्याची सवय चालकाला असेल, तर टर्बो अधिक काळ टिकतो.

ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचणे हे शहरातील रेंगाळत्या वाहतुकीत चालणाऱ्या डिझेल गाडीचे हमखास दुखणे आहे. तो साफ करण्यास दोन-चार हजार रुपये पुरतात.

२०२०नंतरच्या व्हॅनमध्ये डीपीएफ ही काजळीची गाळणी असते. तिच्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने धावावी लागते. साकीनाका ते मरोळ अशा थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत ही संधी मिळत नाही. गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ताकद आपोआप कमी केली जाते. काजळी जाळण्याचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहिला तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसणे हे त्याचे लक्षण होय. डीपीएफ साफ करण्यास ५ ते १५ हजार रुपये लागतात, तर नवा घ्यायचा झाल्यास काही गाड्यांत लाखाच्या पुढे खर्च जातो. आठवड्यातून एकदा द्रुतगती मार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग धाव, हा यावरील स्वस्त उपाय. गाळणी कापून काढून टाकलेली गाडी घेऊ नये. ते बेकायदा आहे आणि फिटनेस तपासणीत अडचणीचे ठरते.

कोंडीत तापणारी गाडी

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मे महिन्यात एसी लावून अर्धा तास कोंडीत उभे राहणे ही कूलिंग यंत्रणेची खरी कसोटी. चाचणीच्या वेळी गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून समाधान मानू नये. एसी पूर्ण सुरू ठेवून ती वीस मिनिटे उभी ठेवावी आणि तापमानाच्या काट्यावर नजर असू द्यावी. काटा मध्याच्या वर सरकू लागला तर तुंबलेला रेडिएटर, निकामी फॅन, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप यांपैकी एकाचे काम आहे. वॉटर पंप अडीच ते सहा हजारांत, रेडिएटर सहा ते बारा हजारांत बदलून होतो. ही कामे फार महाग नाहीत. मात्र त्यांकडे दुर्लक्ष केले तर हेड वाकते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे गंजट पाणी दिसले, तर मालकाने गाडीची काळजी कशी घेतली असेल याचा अंदाज येतो.

टायमिंग बेल्टचा प्रश्नही येथेच विचारावा. २००५ ते २०१६ या काळातील अडीच लिटरच्या इनोव्हाच्या इंजिनात असा बेल्ट आहे. ठरावीक किलोमीटरनंतर तो बदलावा लागतो. न बदलता तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असे गृहीत धरून साधारण ८ ते १५ हजार रुपये बाजूला ठेवावेत.

क्लच, गिअर आणि ॲक्सल

मुंबईच्या वाहतुकीत क्लच प्लेट लवकर झिजते. उभ्या गाडीत हँडब्रेक लावून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक आहे. ते चालूच राहिले तर प्लेट घसरत आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा संच मजुरीसह १० ते १८ हजारांत बसतो. गिअरबॉक्स उतरवलेलाच असल्याने मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावे. नाहीतर काही महिन्यांनी हीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

विंगरची चाल पुढच्या चाकांना आहे, तर ट्रॅव्हलरची मागच्या. हा फरक दुरुस्तीत महत्त्वाचा ठरतो. विंगरमध्ये पुढील ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर पडते आणि वळताना टकटक असा आवाज येऊ लागतो. बूट वेळीच बदलला तर दीड-दोन हजारांत काम होते. सांधा गेला तर एका बाजूला सहा ते बारा हजार लागतात. ट्रॅव्हलरमध्ये मागच्या शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि डिफरन्शियल पाहावे लागते. गाडी सोडता-धरता होणारा खट्ट असा आवाज बहुधा क्रॉसचा असतो आणि तो दोन-तीन हजारांत बदलतो. डिफरन्शियलचा सलग घूं-घूं आवाज येत असेल तर १५ ते ३० हजारांची तयारी ठेवावी.

पाटे, स्टिअरिंग आणि ब्रेक

खड्डे आणि क्षमतेपेक्षा जास्त भार यांमुळे मागचे पाटे बसतात. गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहावी. एका बाजूला कललेली दिसली तर पाटा थकलेला किंवा तुटलेला आहे. पाटे, बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचे काम प्रमाणानुसार ८ ते २० हजारांत होते. पुढचे टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला झिजले असतील तर बुश, बॉल जॉइंट किंवा जुन्या बांधणीच्या गाड्यांत किंगपिनचे काम निघते.

ब्रेकच्या बाबतीत डिझेल गाडीची एक विशेष बाब ध्यानात ठेवावी. पेट्रोल इंजिनात ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच मिळतो. डिझेल गाड्यांत त्यासाठी वेगळा पंप असतो आणि अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. हा पंप दुबळा झाला की पेडल दगडासारखे कडक लागते. इंजिन चालू असताना पेडल चार-पाच वेळा भराभर दाबून पाहावे. व्हॅक्यूम पंप तीन ते सहा हजारांत मिळतो. चारही चाकांचे ब्रेक, सिलिंडर आणि ऑइल बदलण्यास सहा ते बारा हजार पुरतात. माणसे वाहणाऱ्या गाडीत या कामाला विलंब करू नये.

गंज आणि पुराचे पाणी

मुंबईच्या खाऱ्या हवेत इंजिनाआधी पत्रा संपतो. ट्रॅव्हलर किंवा इनोव्हासारख्या गाडीत चासी स्वतंत्र असते, तर विंगरची बांधणी एकसंध असते. म्हणजे तिथे पत्रा हाच सांगाडा आहे. त्यामुळे विंगरच्या तळाला, पायरीखाली किंवा सस्पेन्शनच्या जोडाजवळ लागलेला गंज हा रंगाचा प्रश्न राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. मासळी किंवा बर्फाची वाहतूक केलेल्या व्हॅनचा तळ तर हमखास रबरी मॅट उचलूनच पाहावा. मिठाचे पाणी सांध्यांत शिरलेले असते. ताज्या काळ्या रंगाने तळ नुकताच रंगवलेला दिसला तर स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून पाहावे. मर्यादित पत्राकाम व रंगकाम १५ ते ४० हजारांत होते. सांगाड्यापर्यंत गेलेला गंज मात्र कोणत्याही रकमेत पूर्ण बरा होत नाही.

दुसरा धोका पुराच्या पाण्याचा. मिठी नदी पवईकडून मरोळ, साकीनाका, विमानतळ असा प्रवास करीत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या पट्ट्यात असंख्य वाहने बुडाली. एवढा पाऊस क्वचितच होतो, पण सखल रस्त्यांवर पाणी दरवर्षीच साचते. त्या पाण्यात इंजिन चालू ठेवले आणि एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर हवेसारखे ते दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. पाण्यात बुडून गेलेली गाडी ओळखण्यासाठी सीटखालचे लोखंड, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारा त्याचा तळ, फ्यूजबॉक्स आणि डॅशबोर्डखालच्या वायरी पाहाव्यात. चिखलाची रेघ, हिरवट झालेले तांबे आणि कुबट वास ही चिन्हे सहसा पुसली जात नाहीत.

बॅटरी, वायरिंग आणि एसी

डिझेल इंजिनाला सुरू होण्यासाठी मोठी बॅटरी लागते. तिची किंमत सहा ते दहा हजार रुपये असते. स्टार्टर किंवा अल्टरनेटरचे रिवाइंडिंग आणि दुरुस्ती अडीच ते सहा हजारांत होते. जादा दिवे, पडदे, म्युझिक सिस्टीम यांसाठी वायरिंग जागोजागी तोडून जोडलेले असेल तर सावध व्हावे. तेथूनच शॉर्टसर्किटचा धोका उद्भवतो. कंपन्यांच्या कंत्राटात एसी बहुधा बंधनकारक असतो. गॅस भरणे दोन-तीन हजारांत होते. कॉम्प्रेसर गेला तर १५ ते ३० हजार लागतात आणि मागच्या बाजूचा स्वतंत्र कूलिंग कॉइल गळत असेल तर पाच ते दहा हजार वेगळे.

किलोमीटरचा काटा किती खरा?

वर दिलेल्या हिशेबाने, दिवसाला ८० किलोमीटर धावणारी व्हॅन वर्षाला सुमारे २५ हजार किलोमीटर होते. म्हणजे सात वर्षांच्या गाडीवर पावणेदोन लाख किलोमीटर असणे स्वाभाविक आहे. अशा गाडीचा काटा ७० हजार दाखवीत असेल तर तो मागे फिरवला असण्याची शक्यता गृहीत धरावी. पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि चालकाच्या सीटचा बसका फोम काट्यापेक्षा खरे बोलतात. जुन्या सर्व्हिसिंगच्या पावत्या, विमा आणि पीयूसीचे कागद यांवर किलोमीटरची नोंद असेल तर ती जुळवून पाहावी. दोन लाख किलोमीटर चाललेली, पण वेळेवर ऑइल बदललेली गाडी कमी चाललेल्या बेवारस गाडीपेक्षा केव्हाही बरी.

पहिल्या वर्षाचा हिशेब

समजा, एक व्हॅन २ लाख ७५ हजारांना मिळत आहे. तपासणीत पुढील कामे निघाली :

क्लच संच : १४ हजार
चार टायर : २४ हजार
दोन इंजेक्टर रिकंडिशन : १० हजार
बॅटरी : ७ हजार
ब्रेकचे काम : ८ हजार
बुश व शॉक ॲब्सॉर्बर : १० हजार
एसीची दुरुस्ती : १२ हजार
एकूण : ८५ हजार

म्हणजे ही व्हॅन प्रत्यक्षात ३ लाख ६० हजारांना पडली. शेजारी तशीच, पण ही कामे नुकतीच झालेली आणि त्यांच्या पावत्या असलेली व्हॅन ३ लाख ४० हजारांना उभी असेल आणि साधी सर्व्हिसिंग म्हणून तिच्यावर आणखी १० हजार खर्च झाले, तरी ती स्वस्त ठरते. शिवाय पहिली गाडी गॅरेजमध्ये असताना बदली गाडीचे भाडे भरावे लागते, ते वेगळेच. कामांची अशी लेखी यादी हाच भाव पाडण्याचा सर्वांत सभ्य आणि परिणामकारक मार्ग आहे. व्यवहार ठरवताना गाडीच्या किमतीच्या किमान एक चतुर्थांश रक्कम दुरुस्तीसाठी हाती राहील, अशी व्यवस्था करावी. सगळी पुंजी खरेदीत घालणारा मालक पहिल्याच मोठ्या बिलाला सावकाराच्या दारात जातो.

सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट १८ टक्के झाला आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे पक्के बिल मागावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुने भाग स्वस्तात मिळतात. दरवाजे, काचा, सीट, बंपर तेथून घेण्यास हरकत नाही. ब्रेक, बेल्ट, बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे आणि इंजेक्टर मात्र जुने घेऊ नयेत. बदललेला भाग मेकॅनिककडून परत मागून घ्यावा.

कागदपत्रांतील बिघाड

यंत्र उत्तम आणि कागद अपुरे, अशी गाडीही उभीच राहते. प्रवासी वा माल वाहतुकीच्या वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडीचे वय वाढेल तसे शुल्क वाढते. महाराष्ट्रात आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनांना पर्यावरण करही लागू आहे. थकलेला कर, ई-चलनाचा दंड, बँकेचा बोजा आणि परमिटची मुदत हे सर्व नंबर टाकून ऑनलाइन आणि आरटीओत तपासावे. हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, तर कर्ज फिटल्याची नोंद करण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. शाळेच्या मुलांची वाहतूक करायची असेल तर महाराष्ट्रात २०११पासून स्वतंत्र नियमावली आहे. घ्यायची गाडी त्यात बसते का, हे पैसे देण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कर यांचा खर्च किमतीत मिळवावा. मुंबईतील हवेच्या प्रदूषणाची दखल घेत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा विचार व्हावा असे सुचवले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. जुन्या डिझेल गाडीची पुनर्विक्रीची किंमत अशा हालचालींवर अवलंबून राहणार आहे. त्यामुळे आपले पैसे तीन-चार वर्षांत वसूल होतील, एवढ्याच भावात ती घेणे शहाणपणाचे.

कोणती गाडी सोडून द्यावी

क्लच, टायर, बॅटरी, ब्रेक, बुश, रेडिएटर आणि एसी ही दुखणी पैशांत मोजता येतात. ती भावात वळती करून गाडी घ्यावी. पूर्ण इंजिन काम ८० हजार ते दीड लाखापर्यंत जाते. ते निघणार असेल तर गाडी त्या हिशेबाने खूपच स्वस्त मिळाली पाहिजे. सांगाड्यात शिरलेला गंज, पुरात बुडाल्याच्या खुणा आणि न जुळणारे इंजिन वा चासी क्रमांक, या तिन्हींपैकी एकही आढळले तर भाव कितीही मोहात पाडणारा असला तरी परत फिरावे.

तपासणीला स्वतःचा मेकॅनिक न्यावा आणि त्याची पाचशे-हजाराची फी आनंदाने द्यावी. विक्रेत्याने दिलेला मेकॅनिक विक्रेत्याचाच असतो. गिऱ्हाईक दुसरे आले आहे, आजच्या आज बयाणा द्या, असा आग्रह झाला तर एक दिवस अधिक थांबावे. मरोळच्या रस्त्यावर उद्याही व्हॅन विकायला असेल, घातलेली पुंजी मात्र पुन्हा उभी करायला वर्षे लागतात.